गिरणीचा कस कोणत्या गजाने मोजावा?



‘उत्पादकता’ हा शब्द आपण सर्वजण फार सढळ हाताने वापरतो. गिरणीमालक म्हणतो, आमच्या कामगारांची उत्पादकता कमी आहे. कामगारांचा पुढारी म्हणतो, उत्पादकता वाढली, पण पगार जेथल्या तेथेच राहिला. सरकार म्हणते, देशाची उत्पादकता वाढली पाहिजे. त्यासाठी १९५८ साली राष्ट्रीय उत्पादकता परिषदही स्थापन झाली. तिघेही शब्द एकच उच्चारतात, परंतु तिघांच्या हातांतील गज निरनिराळा असतो. कापड मोजायचा गज खोटा निघाला तर गिऱ्हाइकाचे वीतभर नुकसान होते. हा गज खोटा निघाला तर माणसे कामावरून जातात आणि दोष भलत्याच्याच माथी बसतो. विषय थोडा रूक्ष आहे, आकडेमोडही थोडी करावी लागेल. पण ती दुकानदाराच्या वहीतल्या आकडेमोडीपेक्षा अवघड नाही, एवढे आश्वासन देतो.

व्याख्या साधी आहे. कारखान्यातून जेवढा माल निघाला त्याला, तो काढण्यासाठी जेवढी साधने लागली त्यांनी भागायचे. भागाकार वर्षावर्षाला वाढत गेला, तर कारखाना साधनांचा उपयोग अधिक चांगला करू लागला. अडचण छेदात आहे. साधन एक नसते. माणसे असतात, यंत्रे असतात, कापूस, वीज, जागा, गुंतवलेला पैसा असतो. माणसांत यंत्रे मिळवायची कशी? दहा माणसे अधिक वीस माग म्हणजे तीस काय? यावर सोपा तोडगा म्हणजे बाकीची साधने विसरायची आणि मालाला माणसांच्या संख्येने भागायचे. दर माणशी उत्पादन! हा गज सर्वांत जुना, सर्वांत सोपा, आणि माझ्या मते सर्वांत अधिक भांडणे लावणारा आहे.

१९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या बहुतेक कापडगिरण्या बंद होत्या. सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. संपाची कारणे अनेक, परंतु त्यांतले एक मोठे कारण म्हणजे ‘एका माणसाने किती यंत्रे सांभाळावीत’ हा वाद. विणाई खात्यात दोन मागांऐवजी तीन, आणि सूतकताईत एका साच्याऐवजी दोन साचे एकेका कामगाराकडे द्यावेत, अशी काही मालकांची योजना होती. लँकेशायरचा विणकर चार माग चालवतो, मग मुंबईचा दोनच का, असा त्यांचा सवाल. कामगारांचा उलट सवाल असा, की तुम्ही जे सूत मागावर चढवता ते लँकेशायरच्या सुतासारखे टिकते का? आणि तिसरा माग माझ्याकडे आला, तर तो ज्याच्याकडे होता त्याने जायचे कोठे? संपानंतर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, अहवाल आला. वाद मात्र मिटला नाही. तो अर्थशास्त्रज्ञांच्या हाती गेला आणि अजून त्यांच्याकडेच आहे.

ग्रेगरी क्लार्क या अर्थेतिहासकाराने १९८७ साली एक लेख प्रसिद्ध केला. त्यात १९१० च्या सुमाराच्या जगभरच्या कापडगिरण्यांची तुलना आहे. अमेरिकेतील न्यू इंग्लंडचा एक गिरणी कामगार जेवढे काम उरकत असे, तेवढ्यासाठी इंग्लंडमध्ये दीड, जर्मनीत २.३ आणि ग्रीस, जपान, चीन, हिंदुस्थान या देशांत जवळजवळ सहा माणसे लागत, असा त्याचा निष्कर्ष. एकास सहा! यंत्रे तर बहुतेक ठिकाणी त्याच घडणीची होती. मुंबईच्या गिरण्यांतील साचे लँकेशायरच्याच कारखान्यांतून आलेले असत. मग फरक कशाचा? माणसांचाच असला पाहिजे, या अनुमानाकडे मन सहज घसरते, आणि क्लार्कचेही मन तिकडेच झुकले. त्याने घाईने हे लिहिले असे म्हणता येणार नाही. कापूस, यंत्रे, व्यवस्थापन, स्वस्त मजुरी ही सर्व कारणे त्याने तपासली आणि ती पुरी पडत नाहीत असे ठरवले.

तरीही येथे थोडे थांबावे असे मला वाटते. कताईच्या साच्यावर कामगाराचे मुख्य काम काय असते? चाती यंत्राने फिरते, सूत यंत्राने पिळले जाते. माणूस असतो तो तुटलेला धागा जोडण्यासाठी आणि भरलेल्या कांड्या उतरवण्यासाठी. म्हणजे एका माणसाने किती चात्या सांभाळाव्यात, हे धागा किती वेळा तुटतो यावर पुष्कळसे अवलंबून असते. आखूड धाग्याचा कापूस असला, हवा कोरडी असली, पिंजणे-विंचरणे नीट झाले नसले, की धागा अधिक तुटतो. देशी कापूस बहुतांशी आखूड धाग्याचा. आता मालकाच्या जागी स्वतःला बसवून पाहा. लांब धाग्याचा महाग कापूस घ्यावा आणि थोड्या माणसांवर भागवावे, की स्वस्त कापूस घ्यावा आणि धागे जोडायला चार माणसे जास्त ठेवावीत? माणूस स्वस्त आहे. तो दुसरा मार्ग धरतो. व्यापाराच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. चूक होते ती नंतर, जेव्हा कापसात वाचवलेला पैसा मालकाच्या शहाणपणाच्या खाती जमा होतो आणि जास्तीची चार माणसे कामगारांच्या आळसाच्या खाती नावे पडतात. भाव एकच, सौदा एकच, पण नोंद दोन निरनिराळ्या वह्यांत! बिष्णुप्रिया गुप्ता यांनी २०११ साली याच प्रश्नाची उलट बाजू मांडली. त्यांच्या मते कामगार संघटना जोर धरण्याच्या आधीपासूनच आपल्या गिरण्यांतील दर माणशी उत्पादन कमी होते. त्याचे कारण स्वस्त मजुरी. आणि पुढे संघटनांनी जेथे मजुरी चढवली, तेथे दर माणशी उत्पादनही चढले.

हे कसे होते, ते एका लहानशा हिशेबाने दाखवतो. आकडे काल्पनिक आहेत. समजा, एका कारखान्यात पहिल्या वर्षी दहा माणसे होती आणि एक लाख मीटर कापड निघाले. पुढे मालकाने नवे माग आणले. यंत्रांची गुंतवणूक दीडपट झाली, माणसे आठ राहिली आणि कापड निघाले एक लाख वीस हजार मीटर. दर माणशी उत्पादन दहा हजारांचे पंधरा हजार झाले. पन्नास टक्के वाढ! मालक सत्कार करून घेईल. पण गुंतवलेल्या भांडवलाच्या मानाने पाहिले, तर उत्पादन वीस टक्क्यांनी घटले, कारण भांडवल दीडपट आणि कापड सव्वापटही नाही. मग खरे काय? दोन्ही साधने एकत्र करायची, तर प्रत्येकाला खर्चातील त्याच्या वाट्याइतके वजन द्यावे, ही अर्थशास्त्राची रीत. मजुरीचा वाटा शेकडा ४० आणि भांडवलाचा ६० धरा. माणसे ०.८ पट झाली, त्याचे ४० टक्के म्हणजे ०.३२. भांडवल १.५ पट, त्याचे ६० टक्के ०.९०. बेरीज १.२२. म्हणजे साधने २२ टक्क्यांनी वाढली आणि माल २० टक्क्यांनी. सर्व साधने मिळून पाहता कारखाना दीडएक टक्का मागेच गेला.

आता तेच माग, तीच माणसे, तेच कापड एखाद्या महाग मजुरीच्या देशात नेऊन ठेवा. तेथे मजुरीचा वाटा ६० आणि भांडवलाचा ४० आहे असे समजा. बेरीज येते १.०८, आणि कारखाना ११ टक्क्यांनी पुढे गेलेला दिसतो. जी गोष्ट एका देशात प्रगती, तीच दुसऱ्या देशात किंचित पीछेहाट! म्हणून अमेरिकन मालकाने माणसे कमी केली आणि मुंबईच्या मालकाने केली नाहीत, एवढ्यावरून दोघांपैकी कोणालाही शहाणा किंवा मूर्ख ठरवता येत नाही. या एकत्रित मापाला ‘सर्वघटक उत्पादकता’ म्हणतात. रॉबर्ट सोलो यांनी १९५७ साली हेच माप अमेरिकेच्या १९०९ ते १९४९ या काळाला लावले, आणि दर तासाच्या उत्पादनातील वाढीपैकी जेमतेम आठवा हिस्सा यंत्रांची भर पडल्यामुळे झाला असे दाखवले. उरलेल्या सात हिश्श्यांना त्यांनी तांत्रिक प्रगती हे नाव दिले. त्याच्या आदल्याच वर्षी मोझेस अब्रामोविट्झ यांनी अशा शिल्लक राहिलेल्या भागाला आपल्या अज्ञानाचे माप म्हटले होते. मला हे दुसरे नाव अधिक प्रामाणिक वाटते.

मघाच्या यादीत जपानचे नाव आपल्या रांगेत होते, हे आपल्या लक्षात आले असेल. १९१० साली जपानी गिरणीलाही न्यू इंग्लंडच्या एका माणसामागे सहाच माणसे लागत होती. परंतु १९३० च्या दशकात जपान आपल्यापुढे कितीतरी गेला. त्याने केले काय? कताईला रिंगचे साचे लवकर धरले. देशोदेशींचा कापूस आणून त्याचे मिश्रण करण्याची कला साधली, त्यामुळे धागे कमी तुटू लागले. आणि दोन पाळ्या चालवल्या. यंत्र रात्रंदिवस फिरले की तेवढ्याच भांडवलातून दुप्पट काम मिळते. म्हणून भांडवल मोजताना किती चात्या बसवल्या हे पाहून भागत नाही, त्या किती तास फिरल्या हे पाहावे लागते. या रात्रपाळीची किंमत कोवळ्या मुलींनी दिली, हेही सांगितले पाहिजे. स्त्रियांची रात्रपाळी तेथे १९२९ साली बंद झाली. तोवर साकिची टोयोडांचा स्वयंचलित माग १९२४ साली तयार झालेला होता, आणि १९२९ मध्ये त्याचे हक्क खुद्द लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्सने विकत घेतले. जे जपानला यंत्रे विकत होते, तेच त्याच्याकडून यंत्र विकत घेऊ लागले.

आता दुसऱ्या एका फसगतीकडे वळतो. माल मीटरमध्ये मोजला तर निदान डोळ्यांना दिसतो. परंतु साखर, सिमेंट, सायकली आणि औषधे एकत्र मोजायची तर मीटर चालत नाही, रुपये धरावे लागतात. आणि रुपया हा रबरी गज आहे. म्हणून भाववाढ वजा करतात. पण कोणत्या भावाची? समजा, विणकर साठ रुपयांचे सूत घेऊन शंभर रुपयांचे कापड करतो. त्याने घातलेली भर चाळीस रुपयांची. पुढच्या वर्षी सुताचा भाव पडला, तेवढेच सूत पन्नास रुपयांना मिळाले. कापड तेवढेच, त्याचा भावही तोच. भर झाली पन्नास. कापडाचा भाव हलला नाही म्हणून कारकुनाने काहीही वजा केले नाही, आणि नोंद केली की विणकराचे उत्पादन पंचवीस टक्क्यांनी वाढले! विणकर बिचारा होता तसाच माग चालवतो आहे.

हा नुसता कागदी खेळ नव्हे. ईशर जज्ज अहलुवालिया यांनी १९९१ साली असे मांडले, की भारतीय कारखानदारीची सर्वघटक उत्पादकता पुष्कळ वर्षे रेंगाळून १९८० च्या दशकात पुन्हा चढू लागली. त्यावेळच्या धोरणबदलांना हा मोठा आधार वाटला. १९९४ साली पुलाप्रे बालकृष्णन आणि के. पुष्पांगदन यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये दाखवले, की मालाचा भाव आणि कच्च्या मालाचा भाव असे दोन्ही निरनिराळे वजा केले, तर ही चढण दिसेनाशी होते. आकडे तेच, कारखाने तेच, वजाबाकीची रीत तेवढी बदलली. पुढे कित्येक वर्षे विद्वानांत त्यावर उत्तर-प्रत्युत्तरे झाली. आपल्यासारख्या वाचकांनी यातून एवढेच घ्यावे, की वर्तमानपत्रात ‘उत्पादकता अमुक टक्के वाढली’ असे वाचले, की कोणत्या भावाने, हे आधी विचारावे.

आणि कोणाची, हेही विचारावे. दहा गिरण्यांपैकी सर्वांत वाईट तीन बंद पडल्या, तर उरलेल्या सातांची सरासरी त्याच दिवशी वर चढते. कोणत्याही गिरणीत एक खिळाही हललेला नसतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यानंतर गिरण्या मिटत गेल्या आणि कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर निघू लागले. वार्षिक उद्योग पाहणी नोंदलेल्या कारखान्यांपुरती असते. लहान लहान शेडमधील पुष्कळसे माग तिच्या जाळ्यात येतच नाहीत. जो कामगार गिरणीतून सुटून अशा शेडमध्ये गेला, तो आकड्यांच्या जगातून नाहीसाच झाला.

तर मग चांगला गज कोणता? १९५७ साली एम. जे. फॅरेल यांनी लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे एक विचार मांडला. इंजिनिअरने कागदावर काढलेल्या आदर्श यंत्राशी कारखान्याची तुलना करू नका. तेवढ्याच साधनांत प्रत्यक्ष ज्याने सर्वांत अधिक माल काढून दाखवला, त्या शेजाऱ्याशी करा. हा विचार मला फार न्यायाचा वाटतो. आदर्शाशी तुलना केली की मालक आणि कामगार दोघेही म्हणतात, हे आमच्याकडे शक्यच नाही. शेजाऱ्याशी केली की तोंड बंद होते. १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी या विचाराला गणिताची रीत दिली. ती आज बँका, वीजमंडळे, इस्पितळे यांनाही लावली जाते.

पण काळ पुढे सरकतो तसा शेजारीही पुढे सरकतो. समजा, सर्वांत उत्तम कारखाना एका मापाच्या साधनांतून शंभर मीटर काढतो आणि तुम्ही साठ. तुमचा कस ०.६०. दहा वर्षांनी तो काढतो दीडशे आणि तुम्ही ८४. तुमच्या घरच्या वहीप्रमाणे तुम्ही चाळीस टक्के सुधारलात. पण कस पाहाल तर तो ०.५६ वर उतरला. म्हणजे उत्तम कारखान्याने वाट पन्नास टक्के पुढे नेली, आणि तुम्ही त्या वाटेवर सुमारे सात टक्के मागे पडलात. दोहोंचा गुणाकार तुमची चाळीस टक्के वाढ. या फोडणीला स्वीडनच्या स्टेन माल्मक्विस्ट यांच्या १९५३ च्या लेखावरून त्यांचे नाव पडले आहे. फारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली ती १७ देशांच्या १९७९ ते १९८८ या काळाला लावली. जपानची वाढ सर्वांत अधिक निघाली आणि तिच्यातील जवळजवळ निम्मी वाढ पुढाऱ्यांना गाठण्याची होती. अमेरिकेची जी काही वाढ होती ती वाट पुढे नेण्याची होती. औषध कोणते द्यावे हे यावरून ठरते. वाट गाठायची असेल तर शेजाऱ्याकडे जाऊन पाहिले तरी पुष्कळ साधते. वाट पुढे न्यायची असेल तर प्रयोगशाळा लागते.

आपल्या घरापाशी झालेला एक प्रयोग सांगून हे व्याख्यान संपवतो. मुंबईच्या उत्तरेला तारापूर आणि उंबरगाव येथे कापड विणणारे कारखाने आहेत. निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी इत्यादी अर्थशास्त्रज्ञांनी २००८ पासून तेथील १७ कंपन्यांच्या २८ कारखान्यांचा अभ्यास केला. चौदा कारखान्यांना त्यांनी मोठ्या सल्लागार संस्थेचा फुकट सल्ला पुरवला. एक महिना पाहणीचा आणि पुढे चार महिने सुधारणेचे. सहा कारखान्यांत नुसती पाहणी केली, म्हणजे तुलनेला जोड मिळावी. निवड चिठ्ठी टाकल्यासारखी, वशिल्याने नव्हे. सल्ला काय होता? यंत्र कधी व का बंद पडले ते लिहून ठेवा. कापडातील दोष रोज नोंदवा आणि रोज त्यांवर बसून बोला. सुताच्या गोण्यांवर चिठ्ठ्या लावा, किती सूत आहे ते मोजा. जमिनीवर तेल आणि कचरा ठेवू नका. अशा ३८ गोष्टी. नवे माग आणले नाहीत, परदेशी कापूस आणला नाही, कामगारांची जातकुळी बदलली नाही. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

१९२८ च्या वादाचा हा निकाल आहे असे मी म्हणणार नाही. ऐंशी वर्षांपूर्वीची गिरणी आणि हे कारखाने यांत पुष्कळ अंतर आहे. पण दर माणशी उत्पादनाच्या जुन्या गजाने पाहणाऱ्याला हे १७ टक्के कामगाराच्या हातात दिसले असते. ते निघाले मालकाच्या न लिहिलेल्या वहीत. इतक्या सोप्या गोष्टी मालकांनी आधी का केल्या नाहीत, याचीही चौकशी अभ्यासकांनी केली. काहींना त्या ठाऊकच नव्हत्या, काहींना त्यांचा उपयोग पटत नव्हता. आणखी एक मजेची गोष्ट अशी दिसली, की कंपनीचे किती कारखाने असावेत हे तिच्या कर्तबगारीपेक्षा घरात कर्ते पुरुष किती, यावर अधिक अवलंबून होते. परक्याच्या हाती किल्ल्या द्यायला कोणी तयार नव्हते.

नऊ वर्षांनी तेच अभ्यासक पुन्हा त्या कारखान्यांत गेले. सुधारलेल्या रीतींपैकी सुमारे निम्म्या सुटल्या होत्या. जुना व्यवस्थापक सोडून गेला की त्याच्याबरोबर त्या जात, किंवा मालकाला वेळ नसे. एका कंपनीतील रीती शेजारच्या दुसऱ्या कंपनीत क्वचितच गेल्या होत्या, परंतु त्याच मालकाच्या दुसऱ्या कारखान्यांत मात्र पुष्कळ पसरल्या होत्या. आणि इतके होऊनही, ज्यांना सल्ला मिळाला होता ते कारखाने, मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा या रीतींत स्पष्टपणे पुढेच होते.